न सांडलेलं पाणी

फकिराने पालथ्या हंडीवर बोटातली लोखंडी अंगठी टणटण वाजवली की बोडीतलं, म्हणजे घरच्या लहान तळ्यातलं, माशांचं बीज काठाकडे धावत यायचं. रोहू, कतला, मृगळ. बोटाएवढी झालेली पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून उड्या घेत यायची आणि कोंड्याची मूठ पडायच्या आधीच तोंडं उघडून उभी राहायची. जिऱ्यासारखी बारीक होती तेव्हापासून त्याने त्यांना ही सवय लावली होती. त्याची बायको रेवताबाई पाळीवर, काठाच्या बांधावर, भांडी घासता घासता म्हणायची, "माह्या मुन्नाले एवढ्या लाडानं कधी जेवाले नाई बोलावलं तुमी."

आज मात्र हंडी वाजायच्या आधीच बीज वर आलं होतं. कोंड्यासाठी नव्हे, हवेसाठी. बोडीभर बारीक बारीक तोंडं पाण्याबाहेर निघून आ वासत होती. फकिरा पोटरीभर पाण्यात उतरला आणि त्याने हात घालून पाहिला. वरचं पाणी कोमट, खालचा गाळही कोमट. अवंदा पाऊस उशिरा आला होता, आणि आला तोही नुसता गच्च ढग घेऊन. वाऱ्याचा पत्ता नव्हता. बोडी अर्धीच भरली आणि बीज मात्र वाढून बसलं. घर तेवढंच अन् खाणारी तोंडं दुप्पट, असा प्रकार झाला होता.

"नेलं पायजे आता," तो म्हणाला. "नाई त इथंच उलटं होते."

"नेता कायवर? मानेवर?" रेवताबाईने विचारलं. ती थट्टा करत नव्हती. ती त्याच्या खांद्याकडे पाहत होती.

त्या उजव्या खांद्यावर कावडीने केलेली लिंबाएवढी गाठ होती. उभं आयुष्य फकिराने कावडीला दोन हंड्या लावून बीज गावोगावच्या तलावांत नेलं होतं. चालायचं, आणि चालता चालता एका हाताने हंडीतलं पाणी सारखं हलवत राहायचं. पाणी निजलं की बीज गुदमरतं. आता तो हात कानाच्या वर जात नव्हता. सदऱ्याची बाही चढवायलासुद्धा रेवताबाई लागत होती.

कावडीनंतर ट्रॉली आली. ग्रामपंचायतीने पाण्याचा जुना टँकर लिलावात काढला, तो फकिराने घेतला. दोन चाकं, वर लोखंडी टाकी, टाकीला माणूस उतरेल एवढं झाकण. भाड्याचा ट्रॅक्टर सांगायचा, टाकीत बोडीचं पाणी आणि बीज भरायचं, नेऊन ओतायचं. मागच्या साली ट्रॅक्टरवाला पहाटे येतो म्हणाला आणि ऊन डोक्यावर आल्यावर उगवला. खैरटोल्याच्या तलावावर झाकण उघडलं, तर आत पांढऱ्या पोटांचा थर तरंगत होता. तिथल्या मच्छीमार सोसायटीची माणसं नाकाला दुपट्टा लावून बाजूला सरकली. फकिरा एकटाच वाकून टोपल्याने उपसत राहिला. मागून कोणीतरी बोललं, "फकिराचं बीज पाठीवर पोहते, बापा." ते बोलणं वर्षभर त्याच्या आधी बाजारात, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत जाऊन बसायचं.

यंदा खैरटोल्याने पुन्हा बीज सांगितलं होतं. तेही रेवताबाईने सोसायटीच्या सेक्रेटरीच्या घरी चपला झिजवल्या म्हणून. या खेपेला बीज जिवंत पोचलं तर आजूबाजूची गावं परत फकिराकडे येणार होती. नाही पोचलं तर सगळेच बाहेरच्या व्यापाऱ्याकडून प्लास्टिकच्या पिशव्यांत बीज मागवणार, आणि बोडीत म्हशी बसवायच्या.

आणि ट्रॅक्टर मिळत नव्हता. उशिराच्या पावसाने धानाची लावणी, सगळ्या गावांचा रोवणा, एकाच वेळी आणला होता. जो तो ट्रॅक्टर बांधीत, धानाच्या खाचरात, चिखल करत होता. फकिरा दोघातिघांच्या दारात जाऊन आला. एकाने तर चिखलातून खाली न उतरताच विचारलं, "धानाचं पाहू का तुह्या मासोळीचं?"

तेव्हा मुन्ना म्हणाला, "आपलीच गाडी घेऊ, बाबा. जुनी पिकअप. पण मोठी, जोराची. भरली टाकी ओढली पायजे. बीजाचे दिवस सरले का मासोळी भंडाऱ्याले नेऊ." मुन्ना लाखनीच्या हायवेवर लोकांच्या गाड्या चालवत होता. आपली गाडी हे त्याचं लग्नाआधीपासूनचं वेड. पैशाचं कसंबसं जुळलं. कसं जुळलं ते विचारू नये.

गाडीतलं कळत होतं मुन्नाला, पण बीजातलं कळत होतं फकिराला. आणि घर फकिराचं होतं.

फकिराच्या ढिवरपुऱ्यात, ढिवरांच्या वस्तीत, कावडीचा माणूस निवडायची एक रीत होती. काठोकाठ भरलेली हंडी देऊन पोराला तलावाच्या पाळीवरून फेरी मारायला लावायची. ज्याची हंडी भरलेली परत येईल, त्याच्या खांद्यावर कावड. फकिराच्या बापाने त्याला असंच पारखलं होतं, आणि त्याच्या हंडीतून थेंब सांडला नव्हता. ही गोष्ट त्याने घरात इतक्यांदा सांगितली होती की सून रंजू मनातल्या मनात पुढचं वाक्य म्हणायची. मुन्नाला पारखलं तेव्हा अर्धी हंडी पाळीवरच राहिली. मुन्ना हायवेला लागला तो त्यानंतर.

तर गाडी पाहायला निघताना फकिराने जर्मनची हंडी बरोबर घेतली.

"हे कायले?" मुन्नाने विचारलं.

"गाडी पाहाले."

मुन्नाने आईकडे पाहिलं. रेवताबाई पदर खोचून आधीच एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली होती. हंडी कोणीतरी धरून बसायला पाहिजे होती ना.

लाखनीला हायवेच्या कडेला जुन्या गाड्या विकणारा श्रावण नावाचा माणूस होता. त्याने नवा रंग मारलेली पिकअप दाखवली. आत लाल मखमलीचे कव्हर, आरशाला लिंबू-मिरची. "ओढाले पायजे? मंग हेच घ्या, काका. घर बांधा मागं, घेऊन जाते," तो म्हणाला. मुन्ना पाठीवर निजून खाली सरकला आणि नखाने रंग खरवडत बराच वेळ तिथेच राहिला. फकिराने हातपंपावरून हंडी काठोकाठ भरली आणि रेवताबाईला मागच्या पत्र्यावर बसवलं. श्रावणने गाडी सुरू केली आणि ती बिचकलेल्या बैलासारखी पुढे उडाली. हंडीतलं निम्मं पाणी रेवताबाईच्या लुगड्यावर आलं.

"काकू, गाडीतच आंघोळ?" श्रावण हसला. त्याची माणसंही हसली. रेवताबाई लुगडं पिळत खाली उतरली. तिने मान वर केली नाही.

मुन्ना माती झटकत म्हणाला, "चेसिसले जोड हाय. वजन लावलं का दोन तुकडे." त्याने एकाच वाक्यात जे सांगितलं त्यासाठी आईला भिजायची गरज नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. 

दुसऱ्या दिवशी जवाहरनगर. तिथे फॅक्टरीतले राजकुमारसाहेब क्वार्टरमध्ये राहायचे. शेतीसाठी घेतलेली पिकअप त्यांना आता विकायची होती. साहेबांनी खुर्च्या मांडल्या. त्यांच्या बायकोने चहा दिला. रेवताबाई खुर्चीवर न बसता ओट्याच्या पायरीवर बसली. गाडी पाहून मुन्नाच्या तोंडावर जे उजेड पडल्यागत झालं, ते फकिराने पाहिलं. इंजिन झाकणाआड घरघरत होतं ते ऐकू येईल न येईल इतकंच. मागचा हुक चेसिसला बोल्टने कसलेला. टायर कोरे.

"माझी एकच विनंती," साहेब म्हणाले. "गाडी नीट ठेवा. बाकी काही नाही. पण हे... पाणी कशाला?"

"बाबाची रीत हाय," मुन्ना जमिनीकडे पाहत म्हणाला.

रेवताबाई मागे बसली, हंडी मांडीशी. फकिरा तिच्यापाशी उभा राहिला. मुन्नाने गाडी कॉलनीच्या रस्त्याने काढली. छान चालली होती. तेवढ्यात वळणावरून फॅक्टरीची बस पुढे आली. मुन्नाने पाय दाबला आणि गाडी खिळा ठोकल्यागत जागच्या जागी उभी राहिली. रेवताबाईचं कपाळ केबिनवर आपटलं. हंडी उडून आडवी झाली.

मुन्ना दार उघडून पळत मागे आला. "पाहिलं बाबा? कशी उभी झाली!"

"पाहिलं," फकिरा हंडी सरळ करत म्हणाला. "मूठभर पाणी राहिलं."

परत येताना बसथांब्यावर बापलेकांचं वाजलं. कपाळाला ओला पदर लावून रेवताबाई दोघांच्या मधे बसली होती.

"बाबा, मागं टाकीभर पाणी राहीन. थे थांबवाले असाच ब्रेक पायजे."

"अन् आतलं बीज? दर ब्रेकले पत्र्यावर आपटन त काय पोहोचन खैरटोल्याले? चटणी?"

"थे हंडी हाय बाबा, अन् हे गाडी हाय."

"तुले हंडी समजली असती त गाडी चालवत फिरला नसता," फकिरा म्हणाला. म्हणायला नको होतं. पण तोंडातून निघून गेलेलं काय परत आत घालता येतं? मुन्ना उठून पानठेल्याकडे गेला आणि बस आली तेव्हाच परतला.

तिसरी गाडी तुमसरला, एका राइस मिलच्या आवारात. हवेत कोंड्याची धूळ, भिंतींवर धूळ, झाडांवर धूळ, आणि पिकअपवरही. रंग उडालेला, एक दार तारेने बांधलेलं. पण हुक घासून घासून चांदीसारखा झाला होता. या गाडीने धानाच्या ट्रॉल्या ओढल्या होत्या, हे सांगायला माणूस लागत नव्हता. सेवकराम नावाचा म्हातारा ड्रायव्हर तिच्याजवळ उभा होता. मिलचा मालक आत पंख्याखाली.

मुन्नाने पोत्यांनी भरलेली ट्रॉली लावायला सांगितली. गाडीने ती वजनकाट्याच्या चढावर नेली. धूर नाही, घरघर नाही. मुन्नाने मान हलवली. ओढण्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

मग ट्रॉली सोडली आणि हंडी चढली. सेवकरामने गाडी आवाराबाहेर काढली, स्टेशनाच्या रस्त्याने नेली, माणसं, सायकली, गुरं चुकवत परत आणली. निघताना कळलं नाही निघाली कधी आणि थांबताना कळलं नाही थांबली कधी. फकिराने वाकून हंडीत पाहिलं. पाणी काठाला होतं तसंच होतं. त्यात त्याला त्याचंच तोंड दिसलं, आणि त्या तोंडावर पाळीवरून भरली हंडी घेऊन परत आलेला पोरगा हसत होता.

"हेच," तो म्हणाला.

मुन्ना स्वतः एक फेरी मारून आला. "बाबा, हिचा ब्रेक लांब लागते. पाय बुडाले टेकते तवा कुठी थांबते."

"म्हणूनच त सांडलं नाई."

"बाबा, म्हणूनच त मी म्हणतो—"

"मुन्ना." फकिराचा आवाज चढला नाही. खाली गेला. "मागच्या साली त्या लोकाइच्या समोर मी उपसत होतो. तू नव्हता तिथं."

मुन्नाने किल्ली सेवकरामच्या हातात दिली. 

कागद होईपर्यंत सेवकराम काच पुसायच्या निमित्ताने मुन्नापाशी आला. "भरल्या ट्रॉलीनं उतार दिसला का आधीच गियर खाली घेजो, भाऊ," तो पुटपुटला. "ब्रेकच्या भरवशावर नोको राहू. मी तिले इतके वर्षं चालवतो, तिचा..."

"सेवकराम!" आतून मालकाने हाक मारली. "काय गोष्टी करून राहिला?"

सेवकराम फडकं खांद्यावर टाकून निघून गेला. रस्त्यात मुन्नाने ते बापाला सांगितलं. फकिरा हसला. "आपल्याकडं उतार कुठी हाय बे? सारा मुलूख परातीवानी सपाट." आणि ते खरंच होतं. उतार होते ते फक्त तलावांच्या पाळींना, आणि पाळी तो आयुष्यभर पायांनी चढला-उतरला होता. पायांना उतार कधी उतार वाटलाच नाही.

घरी रंजूने गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मुन्ना म्हणाला, "एक दिवस लाखनीले नेतो. ब्रेक कसून आणतो." फकिरा बोडीकडे पाहत होता. सकाळपासून बीज वरच होतं, आणि काठाला दोनचार पांढरी पोटं लागली होती.

"एक दिवस म्हणजे एक दिवस कमी," तो म्हणाला. "अन् ब्रेक कसला म्हणजे मंग जवाहरनगरवाली काय वाईट होती? बीज पोचू दे. मंग पाहिजे तसा कस."

फाटकावर चहा पिणाऱ्या शेजाऱ्यांना त्याने दोनदा सांगितलं की हंडीतून थेंब सांडला नव्हता.

पहाटे बीज धरलं. मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं घेऊन रेवताबाई आणि रंजू बोडीत छातीभर उतरल्या, फकिराने एका हाताने टोक ओढलं. दुसरा हात नुसताच लोंबत होता. अर्ध्याहून जास्त बीज टाकीत गेलं. उरलेलं दुसऱ्या खेपेला. हवेला वीतभर जागा ठेवून टाकीत पाणी भरलं, झाकण लावलं. मुन्ना पाय न वाजवता गाडीत बसला. फकिरा मागच्या पत्र्यावर, ट्रॉलीकडे तोंड करून. रेवताबाई पाळीवरून ओरडली, "हळू जाजो रे बापा!"

आणि मुन्ना हळूच चालला. काय चालली होती गाडी! ट्रॉली मागून निमूट येत होती, टाकीत पाणी हलकेच डुबुक डुबुक करत होतं, कावडीच्या चालीवर. दोन्ही अंगाला बांध्यांत बाया वाकून रोवत होत्या. फकिराने चालत्या गाडीत वाकून टाकीकडे कान लावला. आत बीज जागं होतं. आज खैरटोल्याची माणसं नाकाला दुपट्टा लावणार नव्हती. त्याला वाटलं, रेवताबाईलाही आणायला पाहिजे होतं. तिने ते पाहायला पाहिजे होतं.

चिचटोल्याच्या मोठ्या तलावाची पाळ आली. रस्ता पाळीवर चढून वरूनच जातो आणि टोकाला सांडव्याजवळ एकदम खाली उतरतो. चढ गाडीने सहज घेतला. पाळीवरून फकिराने तलाव पाहिला, पसरलेला, वाऱ्याने शहारलेला. हा तलाव बाबुलालने ठेक्याने घेतलेला होता. मोठं पाणी. अशा पाण्यात बीज फोफावतं, असं त्याच्या मनात आलं.

उतार लागला तेव्हा खालून बाया येत होत्या. डोक्यावर पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या, ओल्या, जड, त्यामुळे मान हलवता न येणाऱ्या. रस्ताभर पसरून. मुन्नाने गियर खाली घेतला, पाय दाबला. टाकीतलं सगळं पाणी एकदम पुढच्या पत्र्यावर येऊन धडकलं. तो दणका फकिराला हुकातून, पत्र्यातून, ढुंगणातून कळला. गाडी थांबली नाही. पाणी मागे गेलं आणि परत आलं. दुसरा दणका.

"धर बे!" तो ओरडला. "मुन्ना, धर!"

मुन्ना पाय बुडाला टेकवून उभा राहिला होता, सीटवरून उठून. हॉर्न वाजत होता. गाडीला घाईही नव्हती. ती चालली होती तशीच, हलकेच, झटका न देता, बायांच्या अंगावर. एक म्हातारी पेंढी टाकून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले, जणू गाडी हातांनी धरणार होती.

मुन्नाने चाक तलावाकडे फिरवलं.

बेशरमच्या झुडपांतून गाडी खाली गेली. मागून ट्रॉलीने तिला ढकललं आणि ट्रॉली आडवी होऊन उलथली. फकिरा पाण्यात पडला. नाकातोंडात गाळ गेला. उभा राहिला तेव्हा पाणी कमरेला होतं. गाडी नाकापर्यंत बुडाली होती. मुन्ना खिडकीतून बाहेर येत होता, ओठ फुटलेला, पण येत होता. वर बाया ओरडत होत्या. म्हातारी तशीच हात पुढे करून उभी होती.

मग फकिराच्या पायांना काहीतरी लागलं. गुदगुल्या झाल्यागत. त्याने खाली पाहिलं. टाकीचं झाकण उघडून पाण्यात बुडालं होतं आणि त्यातून बीज निघत होतं. गुदमरलेलं नाही, पाठीवर नाही. सरळ, चपळ, जिवंत. मांड्यांमधून, बोटांमधून, मोठ्या पाण्याकडे.

"अडवा!" तो ओरडला. "अडवा व बायांनो!" त्याने दुपट्टा सोडला, एक टोक दातात धरलं, एका चांगल्या हाताने दुसरं पसरलं. एक बाई पेंढी टाकून धावत आली आणि तिने टोक धरलं. दुपट्ट्यात ओंजळभर बीज आलं. बाकीचं खालून गेलं, बाजूने गेलं. फकिराने टाकीला खांदा लावला, त्याच गाठीच्या खांद्याने, आणि ती उचलायला पाहिली. टाकी हलली नाही. तो तरी लावून राहिला. शेवटी मुन्नाने त्याला मागून धरून बाजूला केलं.

बाबुलाल मोटारसायकलवर आला. मुन्नाच्याच वयाचा, भला माणूस. त्याने आधी मुन्नाचा ओठ पाहिला, प्यायला पाणी दिलं, माणूस पाठवून बांधीतला ट्रॅक्टर बोलावला. "पोरगा वाचला, बाया वाचल्या, काका. देवाचे पाय धरा," तो म्हणाला.

"बाबुलाल," फकिरा म्हणाला. दुपट्ट्यातलं ओंजळभर बीज त्याच्या हातात फडफडत होतं. "बीज माहं..."

"तुमचंच हाय. कोण नाई म्हणते? पण मीबी आठ दिवसामांगं सोडलं. आता कोणतं तुमचं अन् कोणतं माहं, थे कोण सांगन?" त्याने थोडं थांबून, वाईट वाटल्यागतच म्हटलं, "दोन सालाआधी माह्या सांडव्यावरून मासोळी तुमच्या नाल्यात गेली होती. मी मांगाले आलो होतो. आठवते?"

फकिराला आठवत होतं. ढिवरपुऱ्याच्या ओट्यावर बैठक बसली होती. खर्रा चघळत तोच बोलला होता: ज्याच्या पाण्यात गेली, त्याची. बापजाद्यांचा नियम हाय. पंचांनी माना डोलावल्या होत्या आणि बाबुलाल हात जोडून निघून गेला होता.

फकिरा वाकला आणि त्याने दुपट्टा पाण्यात सोडला.

ट्रॅक्टर आला. बीज न्यायला जो आठ दिवस मिळत नव्हता, तो गाडी काढायला आला. मागे साखळीचं टोचन लावून त्याने पिकअप बाहेर ओढली. जी गाडी ओढायला घेतली, तीच ओढून न्यावी लागली. मुन्ना आत बसून चाक धरत होता. चिखलाने भरलेला तो बापाकडे एकदाही पाहत नव्हता. फकिराला वाटत होतं, त्याने बोलावं. शिव्या घालाव्यात, हंडीचं नाव काढावं. मुन्नाने नाव काढलं नाही. घरी आल्यावर रंजूने हंडी कोपऱ्यात पालथी घातली आणि तिच्यावर टोपलं ठेवलं, ती सासऱ्याला दिसू नये म्हणून. फकिराला ते दिसलं.

संध्याकाळी खैरटोल्याच्या सेक्रेटरीचा फोन आला. रेवताबाईने घेतला. "राहू द्या बाई," तो म्हणाला. "आमी बाहेरून बोलावतो. तुमचं कायमचंच काहीतरी होते." ती फोन ठेवून चुलीपाशी बसली आणि बराच वेळ विझलेल्या चुलीत फुंकत राहिली.

गाडी लाखनीला गॅरेजमध्ये गेली. उरलेल्या बीजाला ट्रॅक्टर नव्हता, कावडीला खांदा नव्हता. फकिराने दोन दिवस बोडीत उभं राहून हाताने पाणी हलवलं. एका हाताने अख्खी बोडी किती हलणार? रेवताबाई हलवायला उतरली, रंजू उतरली, मुन्नासुद्धा. तिसऱ्या सकाळी पाणी पांढरं झालं होतं. मुन्ना टोपलं घेऊन उपसायला लागला. फकिराने त्याच्या हातून टोपलं घ्यायला हात पुढे केला. "बसा बाबा," मुन्ना म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि तेही मऊ आवाजात. फकिरा बसला.

पुढच्या दिवशी कोंडा टाकायच्या वेळेला त्याचे पाय आपोआप बोडीकडे गेले. तिथे कोणी नव्हतं. तो परत आला, टोपल्याखालून हंडी काढली, कोंड्याचं पोतडं काखेत मारलं आणि चिचटोल्याच्या वाटेला लागला. रेवताबाईने पाहिलं, थांबवलं नाही.

तलावाच्या काठाला बेशरम अजून मोडलेलीच होती. फकिरा उकिडवा बसला. हंडी पालथी घातली आणि अंगठी टणटण वाजवली.

पाणी गप्प होतं. त्याने परत वाजवली. मग गवताच्या कडेने एक बारीक रेघ उठली. मग दुसरी. मग मोठ्या पाण्यातून, शेवाळातून, इकडून तिकडून रेघाच रेघा त्याच्याकडे आल्या आणि पाणी त्याच्या पायाशी धडपडायला लागलं. त्याने हात बुडवला. पिल्लं बोटांना तोंड लावून चोखायला लागली. कोणतं तुमचं ते कोण सांगेल, असं बाबुलाल म्हणाला होता. ही पिल्लंच सांगत होती ना. फकिरा पाण्यात हात धरून ढसाढसा रडला.

मागे मोटारसायकल थांबली. बाबुलाल उतरून जवळ आला, वाकून पाहत राहिला. त्याच्या तोंडावर कौतुक होतं, खरंखुरं.

"माह्या माणसाच्या हातानं एवढे नाई येत, काका," तो म्हणाला. "थो टाकते अन् जाते. तुमी काहून नाई येत रोज सकाळी? तुमच्या हाताले लागले हायत. कोंडा माह्याकडचा. महिन्याचं काय थे मी देत जाईन."

फकिराने नाही म्हणायला तोंड उघडलं. काठाशी सगळी तोंडं उघडीच होती. त्याने पोतड्यात हात घातला आणि मूठ भरून टाकली.